हरणी : अर्धी कारवान, अर्धी गावठी (हाउंड-मिश्र कुत्री पाळणाऱ्यांसाठी धागा)

निंबोणी

नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी तासगावजवळच्या मामांच्या मळ्यातून आम्ही हरणीला पुण्याला आणलं. आई पक्की कारवान, म्हणजे आपली देशी शिकारी हाउंड जात, बाप गावातलाच कुणीतरी. सोडली की शेजारच्यांच्या कोंबड्यांमागे लागायची, म्हणून मामांकडे ती दिवसभर साखळीला असायची. एक दिवस मामींचा फोन आला, "ही बांधून ठेवायची जात न्हाई गं. बघवत न्हाई. तू घेऊन जा." तेव्हा ती वर्षाची असेल.

आम्ही धायरीत चौथ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा आणि सासूबाई. हरणीचा बांधा आईचा आहे. लांब नाक, खोल छाती, पोट वर ओढलेलं, शेपूट वेताच्या छडीसारखी. कान मात्र बापाचे, उभे. नुसती उभी राहिली तरी शेवटच्या तीन बरगड्या मोजता येतात. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात सोसायटीतल्या एका काकूंनी लिफ्टपाशी थांबवून विचारलं, "हिला जेवायला घालता की नाही?" दुसऱ्या एकींनी फोटो काढला आणि तक्रार करते म्हणाल्या. मी घरी येऊन रडले.

मग इरेला पेटून तिला भरवायला लागले. तूप लावलेली पोळी, दूध, दोन्ही वेळा भरपेट. तीन महिन्यांत वजन १९ वरून २४ किलोवर गेलं. बरगड्या झाकल्या, लोक गप्प झाले आणि हरणी जिना चढताना उजवा पाय उचलून धरायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, "हे पाय हे वजन वाहायला घडलेले नाहीत." ते पाच किलो उतरवायला आम्हाला सहा महिने लागले. लोकांच्या बोलण्याला घाबरून मी तिचा पाय दुखावला, हे आजही मनाला लागतं.

शिकारी कुत्रं म्हणजे दिवसभर घरात धुडगूस, असं सगळ्यांना वाटतं. आमची हरणी दिवसाचे सोळा तास सहज झोपते. सुरुवातीला फरशीवर झोपून तिच्या कोपरांना घट्टे पडले, एकाला तर चीर गेली. सासूबाईंनी दोन जुनी नऊवारी लुगडी काढली आणि जाड गोधडी शिवली. हरणीने ती आधी हुंगली, पंजांनी उकरून एका जागी गोळा केली, तीन गिरक्या घेतल्या आणि बसली. महिनाभरात घट्टे मऊ पडले. संध्याकाळी सासूबाई बाल्कनीत भाजी निवडायला बसल्या की ही परातीच्या काठावर हनुवटी टेकून बसते. गवार मोडण्याचा टक् टक् आवाज तिला का आवडतो कोण जाणे.

आता काळजीचं. टेकडीवर मोर दिसला की माझी हाक तिच्यापर्यंत पोचतच नाही. गेल्या आठवड्यात तर पट्टा डोक्यावरून निसटला. गेटच्या आत होतो म्हणून सापडली. दुसरं म्हणजे, दिवाळी झाली की निर्बीजीकरणाचं ऑपरेशन करायचं आहे आणि मामा म्हणतात, या जातीला भूल सोसत नाही. हे खरं आहे का? ज्यांच्याकडे अशी कुत्री आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माणदेशी

ताई, धागा काढलात, फार बरं झालं. आम्ही आटपाडीचे, आजोबांपासून घरात कारवान आहेत. आजोबा बरगड्या बघत नसत. पाठीच्या कण्यावरून हात फिरवायचे आणि मग मांडी दाबून बघायचे. कणा हाताला टोचला नाही आणि मांडी घट्ट भरीव लागली की खाणं बरोबर. बरगड्या दिसल्या तर दिसू द्या.

गावाकडं कुत्र्याला भाकरी आणि ताक घालायची रीत आहे. त्यावर कुत्रं जगतं, पण पळणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर मांस धरत नाही. आम्ही ज्वारीची भाकरी कमी करून अंडी आणि उकडलेली कोंबडी वाढवली, तेव्हा फरक दिसला. शिजवलेली हाडं मात्र कधीच नाहीत, फुटून त्यांची सुरीसारखी टोकं होतात. आणि जेवल्यावर लगेच पळवू नका. यांची छाती खोल असते. पोट फुगून त्याला पीळ पडला तर काही तासांचा खेळ असतो. आमचा एक धिप्पाड कुत्रा असाच गेला. पोट नगाऱ्यासारखं झालेलं, उलटीचा नुसता उमाळा यायचा आणि बाहेर काही पडायचं नाही. ही खूण पक्की लक्षात ठेवा आणि सकाळ व्हायची वाट बघत बसू नका.

नावावरून इथं वाद होतील म्हणून आधीच सांगतो. कारवान आणि मुधोळ ही एकाच कुत्र्याची नावं. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जपली, म्हणून कर्नाटकात मुधोळ. आपल्याकडं आणि केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीतही कारवान. लांब केसांची ती पशमी. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. आजोबांनी ते तिकीट कपाटाच्या काचेवर आतून चिकटवलं होतं.

आणि मिश्र आहे म्हणून कमी समजू नका. मला विचाराल तर गावठी रक्त मिसळलेली पोरं जास्त काटक निघतात. मला राग येतो तो शर्यतवाल्यांचा. चार वर्षं पळवतात, पाय गेला की माळावर सोडून देतात. गेल्या उन्हाळ्यात मी अशी तीन गोळा केली. दोघांना घरं मिळाली. पांढरी एक कुत्री अजून माझ्याकडंच आहे, मागच्या पायानं लंगडते म्हणून कुणी नेत नाही.

आडवाट

निंबोणी, फोटो काढून तक्रारीची धमकी देणाऱ्या बाई आमच्याकडेही होत्या. आम्ही डॉक्टरांकडून आमच्या कुत्रीचं वजन आणि तब्येत लिहिलेला कागद आणला, सोबत रेबीजच्या लसीची नोंद आणि महापालिकेचा परवाना. तिन्हीची प्रत सोसायटीच्या कार्यालयात दिली. त्यानंतर एकदाही विषय निघाला नाही. सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

पशुवैद्यक

तुमच्या मामांचं म्हणणं निम्मं खरं आहे. भूल सोसते, पण कोणती आणि किती, यावर सगळं आहे. थायोपेंटोन नावाच्या जुन्या औषधाची गुंगी उतरते ती मुख्यतः ते रक्तातून स्नायूंत आणि चरबीत पांगतं म्हणून. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी असते कुठे? शिवाय याच बांध्याच्या ग्रेहाउंडचं यकृत हे औषध हळू मोडतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यामुळे इतर कुत्रं उठून बसतं तेव्हा ही अजून निपचित असतात. मिश्र कुत्रीत हा गुण उतरलाय असंच धरून चालायचं. प्रोपोफॉलने झोपवून पुढे आयसोफ्लुरेन वायूवर ठेवतात का, हे ऑपरेशनआधी स्पष्ट विचारा. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर चिडत नाही. त्या दिवशी वजन काट्यावरच करून घ्या, अंदाजाने नको.

आणखी एक गोष्ट भुलेइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. चरबी नाही म्हणजे ऊब धरून ठेवायला काही नाही. भुलेखाली या कुत्र्यांचं अंग भराभर गार पडतं. टेबलावर, आणि शुद्धीवर येईपर्यंत, गरम पाण्याच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून लावायला हव्यात. घरून तिची गोधडी न्या.

ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. अशा सडपातळ हाउंड जातींत बहुधा लाल पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी आणि थायरॉइडचा टी-४ आकडा खाली असतो, आणि ते त्यांचं नेहमीचंच असतं. हे माहीत नसल्याने धडधाकट कुत्रीला थायरॉइडच्या गोळ्या सुरू केलेल्या मी पाहिल्या आहेत. उलट, खरंच गोचीडताप आला तर प्लेटलेट किती घसरल्या हे जुन्या कागदाशी ताडूनच कळतं. ताप, जेवण सोडणं, पांढुरक्या हिरड्या यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

कोरडा ओढा

डॉक्टरांनी लिहिलंय ते आम्ही भोगलं आहे. आमच्या मिश्र पशमीला दात काढायला नेलं होतं. वजन न करता नुसतं बघून "पंचवीस असेल" म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. खरं वजन १८ होतं. सकाळी अकराला झोपवलेली कुत्री रात्री नऊला डोळे किलकिले करत होती. मी आणि माझा मुलगा तिथल्या बाकड्यामागे जमिनीवर बसून दहा तास तिचे पाय चोळत होतो. मुलगा तेव्हा दहावीत होता, दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता, तरी उठला नाही. ती वाचली. तेव्हापासून तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने वजन आणि 'हाउंड-मिश्र' असं लिहून ठेवलंय.

दूरगाव

मी रॅलेहून लिहितेय. इथे नॉर्थ कॅरोलायनात शेल्टरमध्ये गेलं की निम्म्या पिंजऱ्यांत हाउंडच. १९८९ पासून प्लॉट हाउंड हा या राज्याचा अधिकृत कुत्रा आहे, तरी बेवारसही हीच जास्त दिसतात. आमचा खंड्या कूनहाउंड आणि बीगल यांचं मिश्रण. तुमची हरणी डोळ्यांनी धावते, आमचा खंड्या नाकाने. त्यामुळे त्याचं सगळंच निराळं. त्याला पळायचं नसतं, वास घ्यायचा असतो. सुरुवातीला मी त्याला ओढत तीन-तीन मैल चालवायचे आणि घरी आल्यावरही तो बेचैनच. मग एका जाणत्या शेजाऱ्याने सांगितलं, अर्धाच मैल जा, पण एकेका झाडापाशी त्याला हवा तेवढा वेळ थांब. आता अर्ध्या मैलाला पाऊण तास लागतो आणि घरी येऊन तो शांत झोपतो.

कान लोंबते असल्याने आत ओल राहते आणि आंबूस वास यायला लागतो, म्हणून दर रविवारी कान साफ करून कोरडे करते. इथे डास चावून हृदयात जंत होण्याचा धोका मोठा, म्हणून दर महिन्याची गोळी बाराही महिने चालू. आवाजाचं मात्र काही करता येत नाही. खार दिसली की असा लांब गळा काढतो की फोनवर आईला जळगावात ऐकू येतं. ती विचारते, "रडतोय का गं तो?" रडत नाही, बोलावतोय. सावज झाडावर चढलं की झाडाखाली उभं राहून माणसाला हाक मारायची, हेच तर त्याच्या पूर्वजांचं काम होतं.

द्राक्षबाग

तासगावचं नाव वाचलं म्हणून लिहितोय. मामांना माझा निरोप द्या. आमच्या बेदाणा शेडवर राखणीला कारवान-मिश्र कुत्रा होता. निवडून बाजूला टाकलेला बेदाणा त्याने पोटभर खाल्ला. गोड आहे, खाल्ला तर काय बिघडतंय, असं आम्हाला वाटलं. रात्री उलट्या, दुसऱ्या दिवशी नुसता पडून, तिसऱ्या दिवशी लघवी बंद. सांगलीला नेलं तोवर मूत्रपिंडं गेली होती. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे, हे बागेत जन्म घालवून मला चाळिसाव्या वर्षी कळलं. खाल्लेलं लक्षात आलं की त्याच तासात डॉक्टर गाठा, उलटीची वाट बघू नका. आमच्या भागातल्या प्रत्येक शेडवर हे कुणीतरी सांगायला हवं. मी आता सांगत फिरतो.

गवताळ

मी माळरानावरच्या प्राण्यांची मोजदाद करायला जातो. हात जोडून विनंती आहे, यांना माळावर मोकळं सोडू नका. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात आणि आसपासच्या गवताळ पट्ट्यात चिंकारा आहेत. विणीच्या दिवसांत पाडस गवतात दबून बसलेलं असतं, ते पळत नाही. हाउंडला दोन झेपा पुरतात. ससासुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे 'कुत्र्याने मारला, मी नाही' हे चालत नाही. चारी बाजूंनी भिंत असलेलं मैदान किंवा कुंपण घातलेलं शेत शोधा. तिथे आठवड्यातून दोनदा मनसोक्त पळू दे.

माणदेशी

गवताळ, शंभर टक्के अनुमोदन. आणि आत्ताच्या दिवसांत माळावर कुसळी गवत वाळलेलं असतं. कुसळ पंजाच्या बेचक्यात शिरलं की मागं येत नाही, आत आत सरकतं. फिरून आल्यावर रोज बोटं फाकवून बघा. सराटे दिसतात तरी, कुसळ दिसतही नाही.

ताई, पट्ट्याचं राहिलंच. यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा निसटणारच. दोन फासांचा मार्टिंगेल पट्टा घ्या, रुंद, ओढला की आवळतो पण गळा दाबत नाही. आणि लांब दोरी लावायची तर पट्ट्याला नको, छातीच्या हार्नेसला लावा. भरधाव सुटून दोरी संपली की मानेला हिसका बसतो.

निंबोणी

सगळ्यांचे आभार मानायला आले असते, पण आज वेगळंच लिहावं लागतंय. हरणी हरवली आहे. काल लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खाली नेली होती, कुणीतरी पार्किंगमध्ये सुतळी बॉम्ब लावला. नवीन पट्टा मागवला होता, अजून आला नव्हता. जुना माझ्या हातात राहिला. रात्री दोनपर्यंत आम्ही टेकडीवर हाका मारत फिरलो. एकदा टॉर्चमध्ये डोळे चमकले, नवरा धावला, ती आणखी वर पळाली. काय करू?

माणदेशी

ताई, आधी धावणं आणि हाका मारणं बंद करा. घाबरलेल्या हाउंडला मागून येणारा माणूस म्हणजे फक्त मागून येणारं काहीतरी असतं, मग तो घरचा का असेना. ती फिरून फिरून त्याच टापूत येईल. जिथं डोळे दिसले तिथं तिची गोधडी पसरा. एकानंच बसायचं, तिच्याकडं पाठ करून, जमिनीलगत. घरात रोज होतो तसला एखादा आवाज होऊ द्या. आणि शेजारीपाजारी कुणी शोधायला निघाले असतील त्यांना घरी पाठवा.

पशुवैद्यक

सोबत पाणी आणि तेज वासाचं खाणं ठेवा, उकडलेली कलेजी चालेल. सापडली तर लगेच पोटभर घालू नका. पायाच्या गाद्या आणि कातडी नीट तपासा, यांची कातडी पातळ असते, घाणेरीच्या काटक्यांनीही फाटते.

निंबोणी

सापडली! आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत, हात अजून थरथरताहेत, पण तुम्हा सगळ्यांना कळवल्याशिवाय झोप येणार नाही.

माणदेशी, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. 'घरात रोज होतो तसला आवाज' ऐकल्यावर त्या उठल्या, परात घेतली, फ्रिजमधली पाव किलो गवार घेतली आणि म्हणाल्या, "मला वर सोड." त्यांचे गुडघे दुखतात, टेकडी चढायला अर्धा तास लागला. गोधडी पसरून तिच्याशेजारी त्या मांडी घालून बसल्या आणि गवार मोडायला लागल्या. मी बरीच खाली बसले होते. टक्, टक्. खाली शहरात फटाके सुरू झाले होते, वर फक्त तो आवाज. पाव किलो संपली. त्यांनी मोडलेल्याच शेंगा पुन्हा मोडायला घेतल्या.

अंधार पडता पडता घाणेरीच्या मागून हरणी आली. सरळ नाही, पोट जमिनीला लावून, दोन पावलं पुढे, एक मागे. सासूबाईंनी मान वर केली नाही. हनुवटी परातीच्या काठावर टेकल्याचा आवाज मला खाली ऐकू आला. मग त्यांनी हळूच पट्टा तिच्या मानेत सरकवला. तो दुपारीच शेजाऱ्यांकडून उसना मिळाला होता.

पोटाखाली बोटभर कातडी फाटली आहे, टाके पडले. चार पंजांतून मिळून सात कुसळं निघाली.

दूरगाव

मी ऑफिसात बसून रडतेय. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

द्राक्षबाग

वाचून घरात सगळ्यांना सांगितलं. माउलीला साष्टांग दंडवत.

निंबोणी

दिवाळीला आता महिना होऊन गेला. ऑपरेशन काल झालं. आधी रक्त तपासलं. प्लेटलेट कमी होत्या, पण गोचीडताप नव्हता, आणि तो कागद आता फाइलमध्ये पहिलाच लावलाय. ज्या दवाखान्यात विचारल्यावर "आमचं आम्हाला कळतं" असं उत्तर मिळालं, तिथून उठून आलो. दुसरीकडच्या डॉक्टरबाईंनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले, काट्यावर वजन केलं, १९ किलो २०० ग्रॅम. प्रोपोफॉल आणि पुढे आयसोफ्लुरेन. चारही बाजूंनी गरम पिशव्या आणि वरून गोधडी. वायू बंद केल्यावर पंचवीस मिनिटांनी तिने डोकं उचललं.

आत्ता सासूबाईंच्या खोलीत झोपली आहे, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, बाह्या कापून. दहा दिवसांनी टाके काढायचे आहेत, तोवर खाली फक्त दोरीने आणि लिफ्टनेच.

माणदेशी, तुमच्याकडच्या त्या पांढऱ्या कुत्रीला घर मिळालं का हो? सासूबाई सकाळपासून दोनदा विचारून गेल्या.